लॉरा रडत नाही

'स्टिल फेस' नावाचा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्या फोनवर येऊन गेला असणार. वर्षभराची एक मुलगी उंच खुर्चीत बसली आहे, समोर आई. दोघींच्या गप्पा रंगल्या आहेत. मुलगी कुठेतरी बोट दाखवते, आई तिकडे बघते, दोघी हसतात. मग आई क्षणभर तोंड फिरवते आणि परत वळते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीही नसतं. कोरी पाटी. मुलीला ते लगेच कळतं. ती हसून बघते, बोट दाखवून बघते, टाळ्या वाजवते, किंचाळते, आणि शेवटी खुर्चीतल्या खुर्चीत पिळवटून रडायला लागते. मग आई पुन्हा आई होते.

एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग. १९७५ साली त्याने तो पहिल्यांदा एका सभेत मांडला, १९७८ साली सहकाऱ्यांसह छापला. आपल्यापर्यंत पोचते ती त्याची पुष्कळ नंतरची क्लिप, आणि तीही बऱ्याचदा शेवट कापलेली. वर पियानोचं दुःखी संगीत, खाली कॅप्शन : फोन खाली ठेवा, मूल तुमच्याकडे बघतंय. गंमत अशी की ट्रॉनिकचं म्हणणं जवळजवळ याच्या उलट होतं. चांगल्या, प्रेमळ, बाळात गुंतलेल्या आयांचे सूरही बाळाशी सुमारे ३० टक्के वेळच जुळतात, असं त्याला दिसलं होतं. उरलेला वेळ चुकामूक. बाळ हसतं तेव्हा आईचं लक्ष नसतं, आई खेळायला जाते तेव्हा बाळाला झोप आलेली असते. ही चुकामूक पुन्हा पुन्हा सावरली जाते आणि त्या सावरण्यातूनच बाळ शिकतं, हा त्याच्या कामाचा गाभा. रीलने नेमकं सावरणं कापून टाकलं आणि चुकामूक तेवढी ठेवली.

पण माझी या क्लिपबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे. ती फार सोपी आहे. मूल गळा काढून रडत असताना त्याला काहीतरी होतंय हे कळायला विशेष अक्कल लागत नाही. लहान मुलांच्या वागण्याबद्दल काही शिकवणारी फिल्म बघायची तर मी दुसरीच सुचवेन. ती १९५२ सालची आहे, कृष्णधवल आहे, पाऊण तासाच्या आसपास चालते, तिच्यात पात्रांचा आवाज नाही, फक्त निवेदन आहे. आणि तिच्यातली मुलगी बहुतेक वेळ रडतच नाही.

'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' असं तिचं सरळसोट नाव. दोन वर्षं पाच महिन्यांची लॉरा बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी लंडनमधल्या एका हॉस्पिटलात आठ दिवस राहते. गोष्ट एवढीच. ऑपरेशन बिनधोक होतं, कोणी तिच्याशी दुष्टपणे वागत नाही, आठव्या दिवशी ती घरी जाते.

या गोष्टीत फिल्म करण्यासारखं काय होतं, हे समजायला त्या वेळच्या इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांचे नियम माहीत हवेत. १९४९ साली लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या भेटीच्या वेळांची एक पाहणी छापून आली होती. ती आज वाचताना तुरुंगाची नियमावली वाचतोय असं वाटतं. एका नामवंत हॉस्पिटलात आईबापांनी फक्त रविवारी दुपारी २ ते ४ यायचं. दुसऱ्यात पहिला महिनाभर भेटच नाही, पण संध्याकाळी ७ ते ८ या वेळात मूल झोपलेलं असताना त्याला बघून जायची मुभा. तिसऱ्यात तीन वर्षांखालच्या मुलांना भेटता येत नसे, पार्टिशनच्या आडून पाहता येई.

यामागे निव्वळ दुष्टावा नव्हता. संसर्गाची भीती होती. पण त्याहून मोठं कारण म्हणजे नर्सेसचा रोजचा अनुभव. मूल दाखल होतं तेव्हा आकांत करतं. दोन-चार दिवसांनी थंडावतं, जेवायला लागतं, शहाण्यासारखं वागतं. रविवारी आई येऊन गेली की पुन्हा तोच आकांत. म्हणजे मुलाला त्रास कशाचा होतो? आईच्या येण्याचा! तर्क म्हणून बघा, कुठे खोट काढता येत नाही. समोर दिसणाऱ्या वागण्यावरून काढलेला तो सरळ निष्कर्ष होता. आणि काळही असाच होता. जॉन वॉटसनसारख्या वर्तनवादी पंडिताने १९२८ सालच्या आपल्या पुस्तकात आईबापांना सांगून ठेवलं होतं, की मुलांना मिठ्या मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करा.

जेम्स रॉबर्टसनने या तर्काला हात घातला. हा माणूस डॉक्टर नव्हता. स्कॉटलंडमधल्या कामगार घरातला. महायुद्धाच्या काळात ॲना फ्रॉइडने हॅम्पस्टेडला बेघर झालेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती, तिथे तो बॉयलर सांभाळण्यापासून पडेल ते काम करायचा. तिथला एक नियम मला फार आवडतो. झाडलोट करणाऱ्यापासून सगळ्यांनी मुलांचं जे काही दिसेल ते कार्डावर लिहून ठेवायचं. थिअरी नंतर, आधी बघा. रॉबर्टसन बघायला तिथे शिकला. १९४८ साली तो टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बीकडे आला आणि बालवॉर्डांमधून मुलांचं निरीक्षण करत फिरू लागला. त्याला जे दिसलं त्याचे त्याने तीन टप्पे पाडले : आधी विरोध, मग हताशा, मग अलिप्तता. नर्सेस ज्याला 'रुळलं बाई एकदाचं' म्हणत, ते रॉबर्टसनच्या मते दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात पोचलेलं मूल होतं.

त्याने हे सांगितलं, कुणी ऐकलं नाही. लिहिलं, कुणी मानलं नाही. तेव्हा त्याने एक छोटा कॅमेरा विकत घेतला. त्याआधी त्याने कधी चित्रीकरण केलेलं नव्हतं.

आता फिल्मकडे वळू. तिचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे तिच्यावर कुणी शंका घेणार याची तिला पहिल्या क्षणापासून खात्री आहे. 'तुम्ही मुद्दाम रडकं पोर शोधलंत' असं कुणी म्हणू नये म्हणून दाखल होणाऱ्या मुलांच्या यादीत टाचणी टोचून मूल निवडलं. 'तुम्ही नेमके रडण्याचेच क्षण टिपलेत' असं म्हणू नये म्हणून रोज ठरलेल्या वेळीच चित्रीकरण केलं आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवलं. संशोधकाची ही खबरदारी फिल्मला मात्र वेगळंच काही देऊन जाते. ते घड्याळ पुन्हा पुन्हा दिसत राहतं आणि बघणाऱ्याच्या मनात वेळ साचत जातो. अडीच वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही. आई उद्या येणार म्हणजे कधी येणार, याला तिच्याकडे मापच नाही. आपल्याकडे आहे. वॉर्डातलं घड्याळ फक्त मोठ्यांसाठी आहे, हे फिल्म एका शब्दाने सांगत नाही.

टाचणीने निवडलेली लॉरा ही रॉबर्टसनच्या दृष्टीने खरं तर गैरसोयीची निघाली. वयाच्या मानाने विलक्षण आवर असलेली मुलगी. पहिल्या दिवशी नर्स तिला कपडे काढून आंघोळ घालते तेव्हा तेवढी ती उसळते, तशीच उघडी दाराकडे धावते. दहाएक मिनिटांत पुन्हा शांत. त्यानंतर आठ दिवस ती पलंगात बसून आहे, जवळ टेडी बेअर आणि घरून आणलेला एक पांघरुणाचा तुकडा, ज्याला ती 'बेबी' म्हणते. ती खेळते, विचारलं तर उत्तर देते. मधेच कुठल्याही संदर्भाशिवाय, जवळजवळ चौकशी केल्यासारखं, आई कुठे आहे असं विचारते. उत्तर आलं नाही तर पुन्हा खेळायला लागते.

फिल्मचा सगळा जीव या चेहऱ्यात आहे. ओठ थरथरतात, ती ते आत ओढून घेते. रडू येतंय असं वाटेपर्यंत ते गेलेलं असतं. वरवर बघणाऱ्याला गुणी मुलगी दिसेल. रॉबर्टसनने एवढंच केलं, की तो वरवर बघणाऱ्याला निघून जाऊ देत नाही. एखादी नर्स राउंड घेताना लॉराकडे जितकी सेकंदं बघेल, त्याच्या कितीतरी पट वेळ तो आपल्याला तिच्यासमोर बसवून ठेवतो.

यातला एक धागा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. लॉरा एकटी असते तेव्हा शांत असते. एखादी प्रेमळ नर्स येऊन तिच्याशी खेळायला लागली, की तिचा बांध फुटतो आणि ती आईसाठी रडते. म्हणजे रडू आणायला नर्स कारण ठरते, पण रडण्याचं कारण नर्स नसते. माया दिसली की दुःख बाहेर यायला जागा सापडते. मोठ्यांच्या बाबतीत आपल्याला हे पक्कं ठाऊक आहे. दिवसभर कोरड्या डोळ्यांनी वावरणारा माणूस जवळच्या कुणी नुसता खांद्यावर हात ठेवला की कोसळतो. तेव्हा आपण 'हात ठेवणाऱ्याने रडवलं' असं म्हणत नाही. अडीच वर्षांच्या मुलीबद्दल मात्र अख्खी वैद्यकीय व्यवस्था तेच म्हणत होती, आणि त्यावरून भेटीचे तास ठरवत होती.

शेवटच्या दिवशी आई न्यायला येते. आता धावत जाऊन मिठी, असं आपल्याला वाटतं. लॉरा तसं काही करत नाही. ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते, एकही मागे ठेवायला तयार होत नाही. आणि वॉर्डातून बाहेर पडताना आईने पुढे केलेला हात धरत नाही. कुठल्याही दिग्दर्शकाने हा शेवट लिहिला असता तर आपण त्याला मानलं असतं. इथे तो कुणी लिहिलेला नाही.

फिल्ममध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत, आणि तिची थोरवी सांगताना त्या झाकायचं कारण नाही. निवेदन कधी कधी गरजेपेक्षा जास्त बोलतं. चेहरा आपल्याला दिसतोय, तरी त्याचा अर्थ लगोलग कानात सांगितला जातो. आवाजच नसल्यामुळे लॉराचे शब्दही निवेदकाच्या तोंडून येतात, म्हणजे ती काय म्हणाली आणि कोणत्या सुरात म्हणाली यासाठी आपण रॉबर्टसनवर अवलंबून. शिवाय कॅमेऱ्यामागे एक मोठा माणूस उभा आहे. मुलगी आईला शोधतेय आणि तो चावी फिरवून चित्रीकरण करतोय. त्याने कॅमेरा ठेवून तिला उचलून घेतलं असतं तर हजारो मुलांच्या आया वॉर्डात आल्या नसत्या, हे मला मान्य आहे. तरी तो प्रश्न मनातून जात नाही. जाऊही नये.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये फिल्म दाखवली गेली. डॉक्टर आणि नर्सेस भडकल्या. हा आमच्या पेशावर घातलेला कलंक आहे, ही मुलगी अपवादात्मक आहे, ही फिल्म मागे घ्या. टाचणी आणि घड्याळ कामाला आलं नाही. एकाच पडद्याकडे बघून काहींना दुःखी मुलगी दिसली आणि बाकीच्यांना आपल्या वॉर्डची बदनामी. यातही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डर्मोड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ सुरुवातीला असेच चिडलेल्यांपैकी होते. पण आपल्या हॉस्पिटलात परतल्यावर त्यांना त्यांच्याच वॉर्डातलं रडणं जणू पहिल्यांदा ऐकू आलं. पुढे त्यांनी आयांना मुलांबरोबर राहू द्यायला सुरुवात केली आणि १९५८ साली रॉबर्टसनने त्यांच्याच वॉर्डात दुसरी फिल्म केली, 'गोइंग टू हॉस्पिटल विथ मदर'. मॅकार्थींच्या कानात नवीन काहीच पडलं नव्हतं. रडणं रोजचंच होतं.

१९५९ साली सरकारी प्लॅट समितीने भेटीच्या वेळेवरची बंधनं काढा आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या अशी शिफारस केली. अर्थात शिफारस आली म्हणून मेट्रन ऐकतात असं नाही. १९६१ मध्ये रॉबर्टसनने टीव्हीवर आपल्या फिल्म्सचे तुकडे दाखवले, आयांनी संघटना उभी केली, आणि मग हळूहळू एकेका वॉर्डाचं दार उघडलं. एखाद्या फिल्मने जग बदललं असं आपण उगाच म्हणत असतो. इथे ते बऱ्यापैकी खरं आहे, फक्त बदलायला वीसेक वर्षं लागली.

मराठीत लहान मुलासाठी सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्रक कोणतं? 'अजिबात त्रास नाही हो!' गुणी बाळ म्हणजे न रडणारं, कुणाकडेही जाणारं, ठेवलं तिथे बसणारं. पाळणाघरातून मुलाला आणायला गेल्यावर आईबाप पहिला प्रश्न विचारतात तो 'रडला का?' आणि 'नाही' हे उत्तर आलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मीही तो श्वास सोडलेला आहे. मूल रडलं नाही, म्हणजे ते आनंदात होतं असा त्याचा अर्थ होत नाही, हे आपल्या भाषेत सांगायला लांबलचक वाक्य लागतं. 'गुणी' हा एक शब्द पुरतो.

या शांतपणाच्या आत काय असतं, हे नंतर मोजलं गेलं. बोल्बीची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने अमेरिकेत बाल्टिमोरला एक प्रयोग रचला. वर्षभराचं बाळ, अनोळखी खोली, खेळणी, आई, एक परकी बाई. सुमारे वीस मिनिटांत आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. बहुतेक बाळं आई परतल्यावर तिच्याकडे झेपावली आणि निवली. काही तिला चिकटलीही आणि तिच्यावर चिडलीही. काहींनी मात्र आई आलीच नाही असं दाखवलं. गेली तेव्हा रडली नाहीत, आली तेव्हा बघितलं नाही, खेळत राहिली. घरातल्या कुणालाही विचारलं तर तेच बाळ सगळ्यांत शहाणं. पुढे संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. खेळण्यात दंग दिसणाऱ्या बाळाचे ठोके वाढलेले होते. लॉराचा चेहरा जे सांगत होता, ते यंत्राने पंचवीस वर्षांनी सांगितलं.

पण इथे थांबून चालणार नाही, कारण या प्रयोगाचीही रीलसारखीच गत झाली. बाळांचे प्रकार पडले, प्रकारांना लेबलं लागली, आणि आज डेटिंगच्या सल्ल्यापर्यंत 'तुझी अटॅचमेंट स्टाइल कोणती' हा खेळ चालू आहे. प्रयोग जगभर करून पाहिला तेव्हा मजेदार गोष्टी निघाल्या. जर्मनीत बीलेफेल्डला जवळजवळ निम्मी बाळं आईला टाळणाऱ्या गटात गेली. जपानमध्ये साप्पोरोला त्या गटात एकही बाळ नाही, पण चिकटून चिडणारी भरपूर. मग जर्मन आया कोरड्या आणि जपानी आया गुदमरवणाऱ्या का? बीलेफेल्डच्या आया बाळाने लवकर स्वतःचं स्वतः रमावं याला किंमत देत होत्या. साप्पोरोच्या बाळांना आईपासून तीन मिनिटं दूर राहायची सवयच नव्हती, त्यांच्यासाठी ती खोली अनोळखी नव्हे, भयानक होती. १९८८ साली आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकेका देशाच्या आतला फरक दीडपट मोठा निघाला. म्हणजे 'जपानी बाळ' असं काही नसतं. शांतपणा वाचायचा तर त्या बाळाचा रोजचा दिवस माहीत हवा. एन्सवर्थला हे ठाऊक होतं. बाल्टिमोरच्या खूप आधी, १९५४-५५ मध्ये, तिने युगांडात कंपालाजवळच्या गावांत घरोघरी बसून २८ बाळं पाहिली होती. तिथे बाळाला सांभाळणारे हात अनेक होते, तरी बाळ आईला तळ करून रांगत दूर जाई आणि परत येई. खोलीतला प्रयोग हा या बघण्याचा आखूड, मोजता येणारा अवतार. अवतारालाच लोकांनी देव केलं.

आणि बोल्बी? त्याचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला १९५१ चा अहवाल आणि पुढची थिअरी यांनी फार मोठं काम केलं, यात वाद नाही. पण त्या थिअरीचा बाजारात पोचेपर्यंत एक अर्थ असा झाला, की आईने घराबाहेर पडू नये. 'आईला मुलापासून तोडू नका' हे वाक्य हॉस्पिटलला उद्देशून होतं. ते फिरून आईवर येऊन पडलं : 'मुलाला सोडून जाऊ नकोस.' दार बंद करणारी संस्था बाजूला राहिली, आरोपीच्या पिंजऱ्यात बाई. बाप तर या सगळ्या चित्रात कुठे कोपऱ्यातही नाही.

याला सगळ्यांत चांगलं उत्तर रॉबर्टसनच्याच पुढच्या कामात आहे, आणि ते लॉराइतकं बघितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. १९६०च्या दशकात जेम्स आणि त्याची बायको जॉइस यांनी आई बाळंतपणासाठी गेल्यावर काही दिवस मागे राहणाऱ्या लहान मुलांवर फिल्म्स केल्या. त्यातला जॉन १७ महिन्यांचा. तो नऊ दिवस एका निवासी बालगृहात राहिला. तिथल्या तरुण नर्सेस चांगल्या आहेत. पण व्यवस्था अशी, की नर्सला काम वाटून दिलेलं, मूल नाही. आज जिने भरवलं ती उद्या दुसऱ्या कामावर. जॉन एकेकीच्या मांडीपर्यंत पोचायचा प्रयत्न करतो. तिथे जन्मापासून वाढलेली, आक्रमक व्हायला शिकलेली मुलं त्याला बाजूला सारतात. मग तो एका भल्यामोठ्या टेडी बेअरला बिलगून पडून राहतो. जेवत नाही. नवव्या दिवशी आई येते तेव्हा तो किंचाळतो, तिच्या हातातून सुटायला धडपडतो. ही फिल्म लॉरापेक्षा कठीण आहे. एका बैठकीत बघू नका, असं मी सांगेन.

पण याच मालिकेतली बाकीची चार मुलं, जेन, केट, लूसी आणि थॉमस, रॉबर्टसन दांपत्याच्या स्वतःच्या घरी राहिली. तीही आईपासून तुटलेली होती, तीही अस्वस्थ झाली. पण जॉइस दिवसभर त्यांच्यासाठी हजर होती, त्यांची खाण्याझोपण्याची सवय तिने विचारून घेतली होती, आईबद्दल बोलत राहिली होती. ही मुलं जॉनसारखी कोसळली नाहीत. रॉबर्टसननी यावरून म्हटलं, की दुरावा आणि त्या दुराव्यात मूल निराधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोल्बीला हे पुरतं पटलं नाही, आणि दोघांमधलं अंतर वाढत गेलं. मला रॉबर्टसन बरोबर वाटतो. त्याच्याकडे थिअरी कमी आणि बघितलेलं जास्त होतं.

आपल्याकडे हे सगळं लागू करताना जरा जपून. आपल्या सरकारी हॉस्पिटलांच्या बालवॉर्डात आई असतेच. किंबहुना तिच्याशिवाय चालत नाही, कारण माणसं अपुरी. ती पलंगाखाली चटई टाकून झोपते, औषधाची चिठ्ठी घेऊन धावते, सलाइन संपत आलं की सिस्टरना हाक मारते. इंग्लंडने वीस वर्षं भांडून मिळवलेली गोष्ट आपल्याकडे गरिबीने आधीच दिलेली होती, फक्त तिच्या झोपण्याची, जेवणाची, अंघोळीची सोय कुणी हिशेबात धरली नव्हती. जिथे यंत्रं आली तिथे मात्र आई बाहेर गेली. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभी राहणारी आई हे दृश्य आपल्या शहरांत नवीन नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ३,२११ कमी वजनाच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातलं एक केंद्र दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल. जन्मल्याबरोबर, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता, आईलाच अतिदक्षता विभागात आणून बाळाला तिच्या छातीशी ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. सत्तर वर्षांपूर्वी घड्याळ दाखवून जे पटवावं लागलं, ते आता मृत्यूच्या आकड्यांत आहे.

पाळणाघरांबद्दल मात्र रॉबर्टसनचा प्रश्न आपण अजून विचारतच नाही. सीसीटीव्हीची लिंक फोनवर येते का, इंग्रजी बोलतात का, जेवण काय देतात, हे विचारतो. मुलाला सकाळी घेणारी आणि दुपारी झोपवणारी बाई एकच आहे का, आणि सहा महिन्यांनी ती तिथे असेल का, हे किती जण विचारतात? तिला पगार किती मिळतो यावर ते अवलंबून आहे, म्हणून तो प्रश्नही त्याच यादीतला. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची परवानगी दिली. भेटीच्या वेळांचा कायदा! इंग्लंडच्या रविवार २ ते ४ पेक्षा पुष्कळच बरा. बाप किती वेळा जाऊन येऊ शकतो, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला जे केलं ते या संदर्भात आठवतं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. घर दिसतंय, घरातली माणसं येता-जाता दिसतायत, धाकटं भावंडं कडेवर आहे आणि गाणी-गोष्टी चालू आहेत. 'अंगणवाडी' हा शब्द आता सरकारी पाटीवर इतका रुळलाय की त्यातलं अंगण कुणाला ऐकू येत नाही.

लॉराची एक गोष्ट राहिली, ती फिल्ममध्ये नाही. घरी परतल्यावर काही दिवस ती बिथरल्यासारखी होती, मग नेहमीसारखी झाली. काही महिन्यांनी तिच्या आईवडिलांना फिल्म दाखवायची होती. अंधार केलेला होता, आणि लॉरा तिथे येऊन पोचल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिने पडद्यावर स्वतःला त्या पलंगात बसलेलं पाहिलं. दिवे लागले तेव्हा ती लाल झाली होती. आई तेव्हा कुठे होती असं तिने संतापून विचारलं, रडायला लागली, आणि वडिलांकडे वळली. वॉर्डात आठ दिवस जे आत ओढून धरलं होतं, ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, आईच्या तोंडावर. त्या वेळी कॅमेरा चालू नव्हता.